वायफाय मंदावलं तर आधी भिंती बघा

मी कुणाच्या घरी गेलो की पहिल्यांदा लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड मोजतो. तिथेच कमी आला तर दोष लाइनचा. कंपनीकडे तक्रार नोंदवा. फायबरची वायर खिळ्याला घट्ट गुंडाळलेली नाही ना, तेवढं मात्र आधी तपासा.

केबलवर पूर्ण आणि मोबाइलवर कमी, तर प्रश्न जागेचा. आमच्या अमळनेरकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती हातभर जाड, आणि राउटर हमखास धान्याच्या कोठीमागे! पत्रा लहरी अडवतो. राउटर घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा ठेवा. वायफायचे सहसा दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात. भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचा बरा पोचतो. त्याच खोलीत बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ लावा, तो वेगवान. गल्लीत घराला घर लागून असेल तर शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांत घुसतात; राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल (पट्ट्यातला उपभाग) निवडा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. धूळ बसू नये म्हणून राउटरवर रुमाल टाकतात, ते मला बघवत नाही. तापलेला राउटर मंदावतो, अडकतो. रुमाल काढा, पश्चिमेच्या भिंतीपासून तो लांब सरकवा. पासवर्ड शेजारीपाजारी पोचला असेल तर तोही आजच बदला.