लो अँगल म्हणजे सत्ता? दृश्यभाषा वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

लो अँगल (खालून वर पाहणारा कॅमेरा) म्हणजे सत्ता, लाल म्हणजे धोका, सावली म्हणजे रहस्य. चित्रपटाचं, जाहिरातीचं किंवा छायाचित्राचं विश्लेषण असं सुरू झालं की पुढे काय येणार ते कळतं: चौकटीत दिसणाऱ्या गोष्टींची यादी आणि प्रत्येकीपुढे एक तयार अर्थ. लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली असते, संज्ञाही बरोबर असतात, तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ती सुटली की बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप सुटतात, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

संकेतांचा शब्दकोश करू नका

दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटात नायक केन निवडणूक हरतो आणि रात्री त्याचा जुना मित्र त्याला चार खडे बोल सुनावतो. हा प्रसंग इतक्या खालून टिपला आहे की कॅमेऱ्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. केन पडद्यावर अवाढव्य दिसतो. पण तो नुकताच सगळं गमावून बसलेला आहे. ‘लो अँगल म्हणजे सत्ता’ हे सूत्र इथे लावलं तर प्रसंगाचा अर्थच उलटा लागतो. नीट पाहिलं तर डोक्यावरचं छतही चौकटीत आलेलं दिसतं आणि एवढा मोठा माणूस त्या छताखाली कोंडल्यासारखा वाटतो. आकार उरला आहे, अधिकार उरलेला नाही. हा अर्थ नुसत्या कोनातून येत नाही. कोन, छत, रिकामं कार्यालय आणि आधीचा पराभव या सगळ्यांतून मिळून तो उभा राहतो.

मग अर्थ शोधायचा कसा? मला सगळ्यात उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे अदलाबदल. चौकटीतली एकच गोष्ट मनातल्या मनात बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि काय हरवलं ते पाहा. वरच्या प्रसंगात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणला तर उरतं फक्त दोन मित्रांचं भांडण. कोंडलेपण जातं. जे हरवलं, तेच त्या कोनाचं काम होतं. बदलूनही काही हरवलं नाही, तर त्या गोष्टीवर परिच्छेद खर्च करू नका. एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर कशामुळे काय गेलं ते सांगता येत नाही.

रूढीला निसर्ग समजू नका

रात्र निळी असते असं आपल्याला पडद्याने शिकवलं. मूकपटांच्या काळात रात्रीचे प्रसंग अनेकदा दिवसाउजेडी चित्रित करत आणि मग फिल्मची ती पट्टी निळ्या रंगात बुडवत. आगीला लाल, दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर. प्रेक्षकांनी हा करार मान्य केला आणि रंगीत चित्रपट आल्यावरही चंद्रप्रकाश निळाच राहिला. हलणारा, हातात धरलेला कॅमेरा ‘हे खरं घडतंय’ असं सांगतो, तोही असाच करार. माहितीपटाला रूढी नसतात हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तिथल्या रूढी नजरेत भरत नाहीत, एवढंच. पांढरा रंग एका समाजात लग्नाचा तर दुसऱ्यात शोकाचा असतो. त्यामुळे कुठल्याही संकेताबद्दल लिहिताना हा करार कोणत्या प्रेक्षकाशी झाला आहे, ते आधी ठरवा.

एकाच चौकटीवर अडकू नका

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२०च्या आसपास एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच शॉट वेगवेगळ्या शॉटशेजारी जोडला: एकदा सूपाचं भांडं, एकदा शवपेटी. तोच चेहरा एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी. अर्थ जोडातून आला. म्हणून क्लोज-अपबद्दल लिहिण्याआधी त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा शॉट कागदावर उतरवा. छायाचित्राच्या बाबतीत हे काम त्याच्याखालची ओळ करते. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी १९६४ सालच्या निबंधात शब्द चित्राचा अर्थ नांगरासारखा कसा धरून ठेवतात ते मांडलं आहे. फोटोखालची ओळ हाताने झाका, फोटो वाचा, मग हात काढा. फरक चकित करणारा असतो. ध्वनीलाही हीच युक्ती लावता येते: प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका.

‘दिग्दर्शकाला असं म्हणायचं आहे’ हे वाक्य मात्र सोडून द्या. त्याच्या मनातलं आपल्याला दिसत नाही, पडद्यावरचं दिसतं. ‘ही चौकट असं सुचवते, कारण…’ असं लिहायला लागलं की पुरावा द्यावाच लागतो.

स्वतः चित्रीकरण करत असाल तर

संवादातली दोन पात्रं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताहेत असं वाटतंय? बहुधा कॅमेऱ्याने दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा ओलांडली आहे. चित्रीकरण पुन्हा करणं शक्य नसेल तर दोन्ही शॉटच्या मध्ये रेषेवरूनच घेतलेला तटस्थ शॉट किंवा दोघं दिसतील असा लाँग शॉट टाका. शॉट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवण्याचा मोह होतो, पण मागची पाटी, केसांचा भांग, शर्टाची बटणं चुगली करतात.

फ्लॅशबॅक कळत नसेल तर बहुतेक वेळा संकेत कमी पडलेला नसतो, तो बदलत राहिलेला असतो: एकदा फिका रंग, एकदा डिझॉल्व (एक दृश्य विरत दुसरं उमटणं), एकदा नुसता कट. एकच खूण निवडा. पहिल्यांदा ती एखाद्या स्पष्ट आधारासोबत द्या, मग शेवटपर्यंत तीच पाळा.

याच्या उलट बिघाड म्हणजे अति सांगणं. पाऊस, व्हायोलिन, स्लो मोशन आणि अश्रू, चारही एकच गोष्ट सांगत असतात. संकलनाच्या टेबलावर एकेक काढत जा. आधी संगीत, मग स्लो मोशन. ज्या क्षणी दुःख खरोखर कमी होतं, तिथे थांबा आणि शेवटची काढलेली गोष्ट परत ठेवा.