राखेने पाण्यातला रंग काढताय? या चुका टाळा

इचलकरंजीच्या आसपास कापड प्रोसेसिंगच्या रंगीत पाण्याला तोटा नाही आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरमधल्या चिपाडाच्या राखेलाही. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय कोणी ना कोणी घेतंच. पंचगंगेकाठच्या मुलांनी तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण पाण्यात किती रंग उरला ते मोजणाऱ्या यंत्राचं (कलरीमीटरचं) रीडिंग खाली आलं की सगळा रंग राखेनेच ओढला असं धरून चालतात, आणि गाडी तिथेच घसरते.

सगळ्यात जास्त फसवतो तो फिल्टर पेपर. राख न घालता मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पातळ द्रावण नुसतं गाळून बघा. कागद निळा होतो, खालचं पाणी फिकं उतरतं. हा रंग धनभारित, तो कागदाच्या सेल्युलोजला चिकटतो, काचेलाही थोडा चिकटतो. मग ‘९० टक्के रंग निघाला’ यातला कागदाचा वाटा किती? शक्यतो गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून राख तळाशी बसवणारं यंत्र) वापरा आणि राख न घातलेली एक बाटली प्रत्येक वेळी सोबत हलवत ठेवा. उलट, बारीक राख पाण्यात तरंगत राहिली तर रीडिंग उगीच वाढतं.

दुसरी चूक राख धुण्याच्या कंटाळ्याची. हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली राख दोन पाण्यांत धुऊन भागत नाही. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरी गढुळी दिसली तर आम्लातलं क्लोराइड अजून आहे, पुन्हा धुवा. उरलेलं आम्ल सामू खाली ओढतं. काँगो रेड हा रंग तर तीव्र आम्लात तांबड्याचा निळा होतो. तुम्ही तांबड्या रूपाच्या ४९७ नॅनोमीटर तरंगलांबीला बघत बसता, रीडिंग पडतं, आणि रंग मात्र पाण्यातच असतो.

टक्केवारीच्या मोहात राख वाढवत जाऊ नका. ५० मिग्रॅ प्रतिलिटरच्या १०० मिली द्रावणात ०.२ ग्रॅम राख घातली आणि ५ मिग्रॅ प्रतिलिटर रंग उरला, तर ग्रॅममागे २२.५ मिग्रॅ रंग बसला. राख दुप्पट केली आणि २ उरला, तर टक्के ९० वरून ९६ होतात, पण ग्रॅममागे जेमतेम १२ मिग्रॅ. राख निम्मी वाया गेली.

डिस्टिल्ड वॉटरमधल्या मिथिलीन ब्लूवरून प्रोसेसच्या पाण्याबद्दल दावा तर करूच नका. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, सोबत भरपूर मीठ आणि सोडा असतो. ऋणभारित पृष्ठभागाची राख तिथे हात टेकते. खरं सांडपाणी एकदा तरी आणून बघा.

वापरलेली राख सिंकमध्ये किंवा आवारात टाकू नका. ती साध्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बघा. बऱ्याचदा रंग परत उतरलेला दिसतो. पावसात उघड्यावर पडली तर हेच होणार. हे रीडिंगही वहीत लिहा.