लॅटिनो किशोर कादंबरी वर्गात शिकवताना

अमेरिकेतल्या शाळांत लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं बरीच असतात. त्यांच्यासाठी कुठलं पुस्तक घ्यावं, हा प्रश्न तिथे शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनाही पडतो. गडबड 'त्यांच्यासाठी'पासूनच सुरू होते. पुस्तक सगळ्या वर्गासाठी घ्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक) वारसा महिन्यात उरकून टाकू नका.

निवड. मेक्सिकन, क्यूबन, प्वेर्तो रिकन, डोमिनिकन घरं एकसारखी नसतात, त्यामुळे एका कादंबरीत विषय संपत नाही. सहावी-सातवीला पॅम मुन्योज रायन यांची 'एस्पेरांझा रायझिंग' चालते: १९३० साली मेक्सिकोतल्या जमीनदाराची मुलगी कॅलिफोर्नियात मळ्यावर मजुरीला येते. मोठ्या मुलांना एलिझाबेथ असेवेडो यांची 'द पोएट एक्स' द्या. हार्लेममधल्या डोमिनिकन मुलीची ही गोष्ट सगळी कवितेत आहे. आणखी नावं हवी असतील तर लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना १९९६पासून दिल्या जाणाऱ्या पुरा बेल्प्रे पुरस्काराची यादी चाळा.

पुढचं सगळं सांद्रा सिस्नेरोस यांच्या 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) या पुस्तकावर बेतलं आहे. शिकागोतल्या मेक्सिकन घरातल्या मुलीची ही गोष्ट; तिचंही नाव एस्पेरांझाच, पण वरच्या कादंबरीशी संबंध नाही. त्यात ४४ प्रकरणं आहेत, बहुतेक पान-दोन पानांची. एका तासात एक प्रकरण वाचूनही होतं आणि त्यावर बोलूनही.

आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. प्रकरणं छोटी म्हणून पुस्तक छोट्यांचं ठरत नाही. 'रेड क्लाउन्स'मध्ये लैंगिक अत्याचार आहे. वर्गाला त्याची आधी कल्पना द्या, ज्याला नको त्याला दुसरं प्रकरण द्या, शाळेच्या समुपदेशकाच्या कानावरही घाला.

पार्श्वभूमी दहा मिनिटांत आटपा. शिकागो, स्थलांतरितांची वस्ती, भाड्याच्या खोल्या, एवढं पुरे. स्थलांतरावर लांबलचक व्याख्यान झालं की मुलं एस्पेरांझाला सोडून 'समस्या' वाचू लागतात.

मग मोठ्याने वाचा. सुरुवात 'दोज हू डोन्ट'पासून करा. बाहेरचे लोक चुकून या वस्तीत शिरले की घाबरतात; वस्तीतल्यांना मात्र कोण कुणाचा हे ठाऊक असतं, म्हणून ते निर्धास्त. इथवर सगळे माना डोलावतात. पण हीच माणसं दुसऱ्या रंगाच्या वस्तीतून गाडीने जाताना काचा घट्ट वर करून घेतात. इथे थांबा. लेखिकेने हा भाग गाळला असता तर काय बिघडलं असतं, एवढंच विचारा आणि गप्प बसा. आपल्या गावातली कुठली गल्ली टाळतो, हे मुलं स्वतःच काढतात. हा तास वाया गेलाय असं वाटलं तरी घाई करू नका.

लिहायला द्या. 'माय नेम' वाचून झालं की प्रत्येकाने घरी विचारून स्वतःच्या नावाबद्दल एक परिच्छेद लिहावा. शिक्षकांनीही. या कामाला गुण नकोत.

"तुमच्याकडे असंच असतं का?" असं एखाद्या लॅटिनो मुलाला सगळ्यांसमोर विचारणं टाळा. होंडुरासहून आलेल्या मुलाने शिकागोच्या मेक्सिकन घराची साक्ष का द्यावी? आपणहून बोलला तर ऐका.

परवानगी लेखी घ्या. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये राज्याच्या कायद्यामुळे जानेवारी २०१२मध्ये मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पडला, काही पुस्तकं वर्गांतून उचलली गेली. २०१७मध्ये फेडरल न्यायालयाने त्यामागे वांशिक आकस असल्याचं म्हटलं, पण तोवर ती मुलं शाळेबाहेर पडली होती. पुस्तक का निवडलं हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधीच कळवा. पत्राची एक प्रत स्पॅनिशमध्येही काढा.