जुना कॉम्प्युटर पात्र म्हणून उभा करताय? या चुका टाळा

एकांकिकांचा मोसम आला की ठाण्यातली नवी मंडळी संहिता दाखवायला येतात. त्यात हल्ली हमखास एखादा जुना कॉम्प्युटर माणूस होऊन बोलत असतो. कल्पनेला माझी ना नाही, पण चुका त्याच त्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जुना दिसला की त्याला म्हातारा करणं. पांढरी दाढी, काठी, खोकला आणि "आमच्या वेळी असं नव्हतं हो!" अरे, तो जुना आपल्याला, त्याच्या काळात तो अगदी कोरा करकरीत होता. पाचपाखाडीच्या एका ग्रुपने टिफ्रॅक घेतला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला कॉम्प्युटर, आणि संहितेत सत्तरीचे आजोबा! १९६० साली हा सुरू झाला, १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा नवा अमेरिकन कॉम्प्युटर आला आणि याचे दिवस भरले. मग सत्तरी कुठून आणलीत? दिग्दर्शक म्हणाला, "सर, प्रेक्षकांना पटकन कळतं." त्याच 'पटकन'पायी फ्रिजच्या खोक्याला चंदेरी कागद चिकटवून पोराला आत कोंबलं होतं. तालमीत तो विंगेतच अडकला. ओढून बाहेर काढला, तर आवाज खोक्याबाहेर येईना.

दाढी उतरवली, खोकं गच्चीवर टाकलं. शिपायाचं काम करणारा किडकिडीत मुलगा होता, त्यालाच टिफ्रॅक केलं. अंगात सत्तावीसशेच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे बल्बसारख्या काचेच्या नळ्या तापतायत, म्हणजे हा कायम घामाघूम आणि दोघं जण वारा घालतायत. तोंडी सांगितलेलं डोक्यात शिरत नाही, भोकं पाडलेली कागदी टेप हातात दिली तरच कामाला लागतो. त्यात सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी बारसं नाही, कारण टिफ्रॅक हे नाव पंडित नेहरूंनी ठेवलं ते १९६२ मध्ये. राबराब राबणारा, बिननावाचा, विशीतला पोरगा. प्रवेशाला तिथे जीव आला.

दुसरी चूक स्मृतीची. लाइट गेली की पात्र सगळं विसरतं, मग रडारड. टिफ्रॅकची स्मृती फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती, वीज गेली तरी कड्यांमधलं चुंबकत्व राहतं. तेव्हा याला विसराळू करू नका. याची अडचण वेगळी आहे, डोक्यात जागाच कमी. चाळीस बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशोबात १० केबी. नवीन काही सांगायचं तर जुनं पुसावं लागणार. यावर अख्खा प्रवेश निघतो, पण त्यासाठी तासभर वाचत बसावं लागतं. तिथेच सगळ्यांना घाई.

विसराळूच हवा असेल तर १९४६ चा अमेरिकन एनियाक घ्या. सुरुवातीला त्याला गणित बदलून द्यायचं म्हणजे केबली उपटून पुन्हा जोडायच्या आणि स्विच फिरवायचे, की जुनं गणित विसरला. ते काम करणाऱ्या सहाजणींना मात्र संहितेत बहुतेक जण गाळतात. नायिका आयत्या समोर उभ्या आहेत, तरी हे खोटी प्रेयसी शोधत बसतात!

चेहऱ्याच्या जागी मॉनिटर लावण्याआधी मशीन कोणतं ते बघा. टिफ्रॅकला पडदा होता, एनियाकला नव्हता. माउस दोघांनाही नाही.

कॉम्प्युटरमधल्या 'बग'ची गोष्ट सांगताना येतो तो पतंग, म्हणजे किडा, १९४७ मध्ये हार्वर्ड मार्क टू या मशीनमध्ये सापडला होता. दिसेल त्या मशीनमध्ये सोडू नका.

"मी-सं-ग-ण-क" असं तोडून बोलणं बंद.

माझी सवय सांगतो. संवाद लिहायच्या आधी मी एका पानावर चारच गोष्टी मांडतो: याला खायला काय लागतं, हा ओकतो काय, तापल्यावर काय करतो आणि याची उस्तवार कोण करतं. एआयकडून चेहरा काढून आणणाऱ्यांना मी आधी हे पान मागतो. बहुतेकांकडे ते नसतं, मग चहा पाजून परत पाठवतो.