इटलीच्या डोंगरी गावांत सहकुटुंब गाडीने फिरताय? या चुका टाळा

इटलीहून परतल्यावर काही महिन्यांनी आमच्या दारात एक पाकीट आलं. दंडाची नोटीस होती. त्याआधीच गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने 'आमचा पत्ता पोलिसांना कळवला' म्हणून कार्डावरून पैसे कापून घेतले होते. दोन्ही खर्च सहज वाचले असते.

तस्कनी आणि उंब्रियातली ही गावं म्हणजे माणसं राहती असलेले गडच. तट, वेशी आणि आत खेचर जेमतेम जाईल अशा गल्ल्या. आपण गडाच्या पायथ्याशी गाडी लावतो आणि चढतो. इथे मात्र डांबरी रस्ता थेट वेशीपर्यंत नेतो, म्हणून गाडी आत घालायचा मोह होतो. बहुतेक फजिती त्यातूनच होते.

जुन्या गावाचा भाग बहुधा झेडटीएल असतो, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांपुरताच. लाल कडेची गोल पांढरी पाटी आणि वर कॅमेरा. कोणी अडवत नाही, नंबर टिपला जातो. पाटीवर 'वारको अत्तिवो' दिसलं की आम्हाला वाटलं, वाट चालू आहे. अर्थ नेमका उलटा: कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. मोबाइलचा नकाशा खुशाल आत वळायला सांगतो, त्यावर विसंबू नका. तटाबाहेरच्या वाहनतळाचं नाव टाकूनच निघा. हॉटेल आत असेल तर गाडीचा नंबर आधी कळवा, ते परवानगी नोंदवतात. चुकून आत शिरलात तर त्याच दिवशी हॉटेलला विचारा, कधी कधी नंतरही नोंद करता येते. आणि नोटीस आलीच तर टाळू नका, हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरल्यास दंडात ३० टक्के सूट मिळते.

पार्किंगच्या रेषांचे रंग मुलांनाच पाठ करायला द्या. पांढऱ्या फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव. पांढऱ्या रेषांतही वेळेची मर्यादा असू शकते. मग काचेआड पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवून आल्याची वेळ दाखवायची. पाटीवर एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे असतील तर तो नियम कामाच्या दिवसांपुरता.

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही सोबत न्या. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास आसन लागतंच, ते गाडीबरोबरच बुक करा. टोलनाक्यावर फक्त 'तेलेपास' लिहिलेल्या रांगेत शिरू नका, ती टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांची. पंपावर 'बेन्झीना' पेट्रोल, 'गासोलियो' डिझेल.

जेवणाचं आमचं सगळ्यात चुकलं. सकाळभर फिरून अडीचला खानावळीत गेलो तर चूल बंद, ती संध्याकाळी साडेसातला पेटणार. दुपारी साडेबारालाच बसा आणि डिकीत पाव, फळं, चिवडा असू द्या. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'रिबोल्लीता' हे भाज्या-घेवड्याचं सूप मांसाच्या पाण्यावर शिजवलेलं असू शकतं, 'ब्रोदो' म्हणजे ते पाणी कशाचं, हे विचारा. पिएन्झाचं पेकोरीनो चीज मेंढीच्या दुधाचं असतं. ते विरजताना सहसा प्राण्याच्या जठरातला पदार्थ वापरतात, हे कडक शाकाहारी आजी-आजोबांना आधी सांगावं. टोमॅटो-लसणाचा 'पिची आल्लाल्योने' हा पास्ता मात्र आमच्या आईने दोनदा मागून घेतला.

पिएन्झा ते मोंतेपुल्चानो अंतर जेमतेम पंधराएक किलोमीटर आहे, पण तेवढ्यावरून दिवसाला चार गावं आखू नका. वळणांनी मुलांना मळमळतं आणि प्रत्येक गावात चढ वेगळा. दोन पुरे. वडिलधारी सोबत असतील तर चढ यंत्राने चढवणारी गावं निवडा. ओर्व्हिएतोत रेल्वे स्टेशनापासून रुळांवरची फ्युनिक्युलर वर नेते, पेरुज्यात पार्तिजानी चौकातून सरकते जिने जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर काढतात. चिव्हिता दी बान्योरेज्योला असं काहीच नाही. सुमारे ३०० मीटरचा पादचारी पूल, शेवटी खडा चढ, आणि आत जायला तिकीट. बाबांचे गुडघे पाहून आम्ही त्यांना अलीकडच्या सज्जावर बाकावर बसवलं. खालची दरी आणि समोरचं अख्खं गाव तिथून दिसतं, पुलावरून तेवढं दिसत नाही.