घरी ऑक्सिजन मोजताना या चुका टाळा

पावसाळ्यात गोव्यात घरोघरी सर्दी-खोकला असतो, आणि कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, कपाटातून बाहेर निघतो. यंत्र उपयोगाचे आहेच, पण चुकीच्या आकड्यावर विसंबून बसणे आकडा नसण्यापेक्षा वाईट.

सर्वांत धोकादायक चूक कुणाच्या ध्यानीमनीही नसते. पडद्यावरचे आकडे इंग्रजी असतात, आणि त्यांतला ८६ उलट्या बाजूने पाहिला की सरळसरळ ९८ वाचला जातो. आजीच्या समोर बसून वाचणारा निर्धास्त होतो, आणि तिला तर तातडीने दवाखान्यात न्यायला हवे असते. आधी पडद्यावरची अक्षरे सरळ दिसतात का ते बघा, मगच आकडा वाचा. शिवाय तिथे दोन आकडे असतात: एक ऑक्सिजनचा, टक्क्यांत, दुसरा नाडीच्या ठोक्यांचा. तापात नाडी सहज ९८ वर जाते आणि घाईत तोच ऑक्सिजन समजला जातो.

आता बोटाकडे. यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्ताने त्यातला किती शोषला ते मोजते. म्हणून नेलपॉलिश, चतुर्थीला काढलेली गडद मेंदी, पावसात भिजून गार पडलेले हात, थरथर, बोटावर पडणारे ऊन, यांतल्या कशानेही आकडा बिघडतो. पाच मिनिटे शांत बसवा, हात चोळून ऊब आणा, मग तो छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा. लावल्या लावल्या दिसणारा आकडा धरू नका. मिनिटभर थांबा, स्थिरावलेला घ्या. शंका आली तर मनगटावर नाडी मोजा. ती यंत्राच्या ठोक्यांशी जुळत नसेल, तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही भरवसा नको. बोट बदला, सेल बदला.

बसून ९६ आले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. न्यूमोनियात कधी कधी चालल्यावरच घसरण कळते. माणसाला धाप नसेल आणि आकडा ९४ च्या वर असेल, तर पडवीत सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजा. वयस्कर माणसाबरोबर कुणीतरी चाला. मध्येच दम लागला तर लगेच थांबा. आकडा ३ किंवा अधिक टक्क्यांनी उतरला तर डॉक्टरांना कळवा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरगुती यंत्रात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि सावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून हे ठळकपणे पुढे आले. बंद खोलीत चुलीचा किंवा जनरेटरचा धूर कोंडला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड भिनलेल्या रक्तालाही यंत्र चांगले म्हणते. म्हणून माणसाकडे बघा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, बोलण्यात गोंधळ आहे, तर आकडा ९७ असला तरी थांबू नका.

निरोगी फुप्फुसांच्या माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. ९४ किंवा खाली आला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. ९० किंवा खाली गेला तर लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा दीर्घ आजार) असलेल्यांची मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उसना आणलेला सिलिंडर त्यांना मनाने लावू नका, जास्त ऑक्सिजन त्यांना बाधू शकतो.

सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचायला वेळ लागतो. रात्री आकडा उतरत असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. वहीत वेळ, आकडा, नाडी, ताप लिहीत जा आणि ती वही सोबत न्या. १०८ ला फोन लावाल तेव्हा गावाबरोबर वाड्याचे नाव आणि जवळचे देऊळही सांगा, आणि घरातल्या कुणाला तरी विजेरी घेऊन रस्त्यावर उभे करा.