तालुक्याच्या गावची जुनी टॉकीज कॅमेऱ्यात टिपताना

तालुक्याच्या गावातील जुन्या एकपडदा टॉकीजची छायाचित्रे घ्यायची असतील, तर सुरुवात दर्शनी भागापासून न करता ऑपरेटरच्या केबिनपासून करावी. टॉकीज बंद पडल्यावर इमारत बरीच वर्षे तशीच उभी राहू शकते. प्रोजेक्टर आणि रिळे गुंडाळण्याचे यंत्र मात्र भंगारवाला आधी उचलून नेतो. छायालेखक हेमंत चतुर्वेदी २०१९ पासून देशभरातील अशा चित्रपटगृहांची छायाचित्रे घेत आहेत. त्यांचे काम आधी पाहून घ्यावे.

मालकाची परवानगी लेखी घ्यावी, पण ओळख डोअरकीपरशीही करून घ्यावी, कारण कोणत्या दाराची किल्ली कुठे टांगलेली आहे हे बहुधा त्यालाच ठाऊक असते. खेळ चालू असताना पडद्याकडे कॅमेरा रोखू नये. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात चित्रपटाचे अनधिकृत चित्रण केल्यास किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंडाची तरतूद आहे, त्यामुळे पहिल्या खेळाआधीची वेळ मागून घेणे शहाणपणाचे.

केबिनमध्ये सहसा दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी दिसतात. २००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटांत संपत असल्याने एका यंत्रावरून दुसऱ्यावर खेळ न थांबवता जावे लागे. समोरच्या भिंतीतील झरोक्यांपैकी काही प्रकाशझोतासाठी असतात, तर काही ऑपरेटरला पडद्यावर नजर ठेवता यावी म्हणून. ही सगळी रचना एकाच चित्रात यावी यासाठी कोपऱ्यातून, २४ मिमीच्या आसपासच्या लेन्सने एक फ्रेम घ्यावी. नंतर दिवाघराचे, म्हणजे प्रोजेक्टरचा दिवा असलेल्या पेटीचे, झाकण उघडायला सांगून जळून प्रकाश देणाऱ्या कार्बनच्या कांड्या धरणारे चिमटे, आतला काजळलेला पत्रा आणि यंत्रावरील कंपनीची पट्टी जवळून टिपावी. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर पट्टे उमटू नयेत म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे.

प्रेक्षागृहात उभे राहण्याची उत्तम जागा म्हणजे पडद्यापुढील मंच. हवेतील धूळ प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरते, म्हणून प्रकाशझोत बाल्कनीतून जेवढा दिसतो त्याहून कितीतरी ठळक इथून दिसतो. धूळ कमी वाटली तर दोन उदबत्त्या पुरतात. (अर्थात, विचारून.) झरोका पांढराफटक आणि खुर्च्या काळ्याठिक्कर येऊ नयेत म्हणून ट्रायपॉडवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या तीन फ्रेम घेऊन त्या नंतर एकत्र कराव्यात.

दर्शनी भागासाठी सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे राखून ठेवावीत, कारण तेव्हा आकाशाचा निळा रंग आणि नावाच्या पाटीवरील दिवे एकमेकांना मारत नाहीत. मुंबईतील रीगल, इरॉस या चित्रपटगृहांच्या आर्ट डेको (१९३० च्या दशकातील भौमितिक आकारांच्या) वास्तुशैलीची छाप लहान गावांतही उतरली. नाव मिरवणारा उभा स्तंभ, गोलाई दिलेला कोपरा किंवा खिडक्यांवरील आडवे छज्जे दिसले, तर ते चित्रात स्पष्ट यायलाच हवेत. रस्त्यावरून कॅमेरा वर उचलल्यास भिंती मागे कलंडल्यासारख्या दिसतात, म्हणून समोरच्या दुकानाच्या गच्चीवरून कॅमेरा समतल ठेवून छायाचित्र घ्यावे. फ्लेक्सने निम्मी इमारत झाकलेली असेल, आणि हल्ली ती असतेच, तर बाजूच्या गल्लीतून तिरपा कोन शोधावा.

शेवटी तिकीटखिडकीची जाळी, बाल्कनी-स्टॉलच्या दरांची पाटी आणि आसनसंख्या यांची नोंद त्या-त्या छायाचित्राच्या फाइलमध्ये तारखेसह लगेच करून ठेवावी.